कारागृहातील आत्महत्या : कारणमीमांसा व प्रतिबंध

न्यायालय एखाद्या व्यक्तीस कारावासाची शिक्षा देते, तेव्हा ते तिचे स्वातंत्र्य काढून घेते, जीवित नव्हे. खटल्याचा निकाल लागेपर्यंत जिला केवळ अटकेत ठेवलेले असते, त्या व्यक्तीच्या बाबतीत तर शिक्षेचाही प्रश्न उद्भवलेला नसतो. असे असूनही कारागृहाच्या भिंतींआड काही बंदी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपवितात. बाहेरच्या समाजात घडणाऱ्या आत्महत्येहून या मृत्यूचे स्वरूप एका महत्त्वाच्या बाबतीत भिन्न असते. बंद्याने केव्हा उठावे, काय खावे, कोणाशेजारी झोपावे, कोणास भेटावे आणि आजारी पडल्यास कोणाकडून औषध घ्यावे, हे सर्व शासनाच्या आज्ञेने ठरते. ज्या व्यक्तीच्या जीवनाची इतकी अंगे शासनाने आपल्या हाती घेतलेली असतात, तिच्या मृत्यूचे कारण केवळ तिच्या एकटीच्या मनात शोधून शासनास मोकळे होता येत नाही.

तथापि अशा मृत्यूनंतर ‘मानसिक तणाव’ किंवा ‘नैराश्य’ एवढी नोंद करून कारणाचा शोध थांबविण्याचा मोह नेहमीच असतो. नैराश्य हे मनःस्थितीचे वर्णन होय. ते कारण नव्हे. ते कोणत्या व्यक्तीस, कोणत्या परिस्थितीत आणि विशेषतः कोणत्या वेळी ग्रासते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून प्रतिबंधाचा विचार पुढे सरकत नाही. या तिन्हींपैकी पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा समाजशास्त्रात व मानसोपचारशास्त्रात विपुल झाली आहे. प्रतिबंधाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त ठरणारा तिसरा प्रश्न मात्र पुष्कळदा मागे राहतो.

१. प्रश्नाची व्याप्ती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या कारागृहविषयक अहवालांनुसार भारतातील कारागृहांत २०२१ साली १५० आणि २०२२ साली ११९ बंद्यांनी आत्महत्या केली. कारागृहसुधारणेसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली न्यायमूर्ती अमिताव रॉय यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली, तिने २०१७ ते २०२१ या पाच वर्षांतील ८१७ अनैसर्गिक मृत्यूंचा आढावा घेतला. त्यांपैकी ६६० मृत्यू आत्महत्येचे होते. म्हणजे मारामारी, अपघात आणि इतर सर्व कारणे एकत्र केली, तरी ती आत्महत्येच्या एकचतुर्थांशाइतकीही भरत नाहीत. कारागृहात बंद्याच्या जीवितास सर्वांत मोठा धोका दुसऱ्या बंद्यापासून असतो, ही सर्वसाधारण समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

डिसेंबर २०२२ अखेर देशातील बंद्यांची संख्या ५,७३,२२० होती. या संख्येशी त्या वर्षीच्या आत्महत्यांचे प्रमाण काढल्यास ते दर लाखामागे सुमारे २१ येते. २०२१ साली ते सुमारे २७ होते. देशाच्या एकूण लोकसंख्येत हेच प्रमाण त्या दोन वर्षांत अनुक्रमे १२.४ आणि १२ होते. ही तुलना सावधपणे करावयास हवी. कारागृहातील लोकसंख्या बव्हंशी प्रौढ पुरुषांची असते आणि भारतात पुरुषांतील आत्महत्येचे प्रमाण स्त्रियांहून अधिक आहे. त्यामुळे दोहोंतील अंतर प्रत्यक्षाहून मोठे भासते. उलटपक्षी, वर्षअखेरीस मोजलेली बंदीसंख्या आणि वर्षभरात कारागृहात येऊन गेलेल्या माणसांची संख्या यांतही मोठा फरक असतो. आकड्यांतून दिशा कळते. सूक्ष्म मोजमाप होत नाही.

आंतरराष्ट्रीय तुलना अधिकच विचार करावयास लावते. सीना फझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ संपन्न देशांतील २०११ ते २०१४ या काळातील ३,९०६ आत्महत्यांचा विचार केला आहे. डेन्मार्क वगळता उत्तर युरोपातील नॉर्डिक देशांत, तसेच फ्रान्स व बेल्जियम येथे, हे प्रमाण दर लाख बंद्यांमागे १०० हून अधिक आढळले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते याहून पुष्कळ कमी होते. ज्या देशांची कारागृहे स्वच्छ, प्रशस्त आणि मानवी वागणुकीसाठी नावाजलेली आहेत, तेथेच हे प्रमाण अधिक असावे, ही गोष्ट वरवर पाहता विसंगत वाटते. परंतु जे देश कारावासाचा वापर काटकसरीने करतात, त्यांच्या कारागृहांत गंभीर गुन्ह्यांचे आरोपी, मनोरुग्ण आणि व्यसनाधीन यांचे प्रमाण स्वाभाविकपणेच अधिक राहण्याचा संभव असतो. शिवाय तेथे प्रत्येक बंद्यास स्वतंत्र कोठडी देण्याची प्रथा आहे. याच अभ्यासात कारागृहातील गर्दी आणि आत्महत्येचे प्रमाण यांत सरळ संबंध आढळला नाही. यावरून गर्दी निरुपद्रवी असते असे अनुमान काढणे चुकीचे होईल. मात्र इमारत सुधारली की प्रश्न सुटला, असे मानता येत नाही, एवढे निश्चित.

२. व्यक्ती की संस्था?

कारागृहातील आत्महत्येची उपपत्ती मांडताना विद्वानांचे दोन पक्ष पडले. पहिल्या पक्षाने कारण संस्थेत शोधले. एमिल दुर्खीम यांनी १८९७ सालच्या आपल्या आत्महत्याविषयक ग्रंथात समाजाशी असलेल्या बंधनांच्या शैथिल्यातून व अतिरेकातून उद्भवणारे प्रकार वर्णिले. त्यांतील एका प्रकाराची, नियतिवश आत्महत्येची, बोळवण त्यांनी केवळ एका तळटीपेत केली. ज्यांचे भवितव्य निष्ठुरपणे रोखले गेले आहे आणि ज्यांच्या सर्व वासना कठोर शिस्तीने दडपल्या आहेत, अशांची ही आत्महत्या होय. दुर्खीम यांना हा प्रकार आपल्या काळी फारसा महत्त्वाचा वाटला नाही; कारागृहाच्या अभ्यासकांना मात्र ती तळटीप मोलाची वाटत आली आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ग्रेशॅम साइक्स यांनी न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील कारागृहाचा अभ्यास करून १९५८ साली ‘कारावासाच्या वेदना’ ही कल्पना मांडली. स्वातंत्र्य, वस्तू व सेवा, स्त्रीपुरुषसहवास, स्वायत्तता आणि सुरक्षितता या पाच गोष्टींपासून बंदी वंचित होतो, असे त्यांनी दाखविले. यांतील स्वायत्ततेचा लोप विशेष लक्षणीय आहे. पत्र का अडविले, भेट का नाकारली, बराक का बदलली, याचे कारण बंद्यास सांगण्याची गरज संस्थेस वाटत नाही. प्रौढ माणसाला अशा रीतीने पुन्हा बालकाच्या पराधीनतेत ढकलले जाते. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ साली ‘सर्वंकष संस्था’ या संकल्पनेद्वारे हेच सूत्र पुढे नेले. प्रवेशाच्या वेळी होणारी झडती, स्वतःच्या वस्तूंचा त्याग आणि नावाऐवजी मिळणारा क्रमांक यांतून व्यक्तीची पूर्वीची ओळख कशी पुसली जाते, याचे त्यांनी केलेले विवेचन आजही प्रमाणभूत आहे.

दुसऱ्या पक्षाने कारण व्यक्तीत शोधले. जॉन आयर्विन व डोनाल्ड क्रेसी यांनी १९६२ साली असे प्रतिपादन केले की, बंदी कारागृहात रिकाम्या हाताने येत नाही. बाहेरच्या जगातील संस्कार, सवयी आणि व्यथा तो आपल्याबरोबर आणतो. त्यांचा विषय आत्महत्या हा नव्हता. परंतु पुढील संशोधनाने या विचारास आधार दिला. फझेल व सहकाऱ्यांनी २००८ साली अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात आत्महत्येचे नुकतेच बोलून दाखविलेले विचार, पूर्वीचा प्रयत्न, निदान झालेला मनोविकार आणि मद्याचे व्यसन ही व्यक्तिगत लक्षणे ठळक दिसून आली. परंतु त्याच विश्लेषणात एकट्याने कोठडीत राहणे, खटला प्रलंबित असणे आणि जन्मठेपेची शिक्षा असणे ही परिस्थितिजन्य लक्षणेही तितकीच स्पष्टपणे पुढे आली.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता नाही. त्यावर जबाबदारीचा निर्णय अवलंबून असतो. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये अलीपूर बाँब खटल्यातील राजबंदी इंदुभूषण रॉय यांनी एप्रिल १९१२ मध्ये कोठडीत आत्महत्या केली. विनायक दामोदर सावरकर यांच्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथामुळे ही घटना मराठी वाचकांस परिचित आहे. सहबंद्यांच्या मते असह्य श्रम आणि पदोपदी होणारा अवमान हे या मृत्यूचे कारण होते. तुरुंगाधिकाऱ्यांनी ते रॉय यांच्या मनोविकारात शोधले. त्याच वर्षी त्याच कारागृहात उल्लासकर दत्त यांच्या मनाचा तोल गेला आणि पुढे त्यांना मद्रासच्या मनोरुग्णालयात हलवावे लागले. कारण व्यक्तीत असल्याचे ठरले की संस्था निर्दोष ठरते, हे या घटनेवरून उघड होते. व्यक्तिनिष्ठ उपपत्तीकडे संस्थांचा स्वाभाविक ओढा का असतो, याचेही उत्तर त्यातच मिळते.

दोन्ही पक्षांचा समन्वय करण्याचे महत्त्वाचे कार्य ब्रिटिश संशोधिका ॲलिसन लीबलिंग यांनी केले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल : काही बंदी कारावास सोसण्याची शक्ती कमी घेऊन येतात, परंतु ती शक्ती केव्हा संपते, हे संस्थेतील दैनंदिन जीवनावर अवलंबून असते. ज्यास भेटीस कोणी येत नाही, ज्यास काम वा शिक्षण नाही, दिवसाचे बहुतेक तास जो कोठडीत घालवितो आणि सहबंद्यांच्या दहशतीमुळे जो बाहेर पडण्यासही भितो, त्याची सहनशक्ती लवकर आटते. एकच दुबळा मनुष्य एका कारागृहात तरून जातो आणि दुसऱ्यात बुडतो. म्हणून ‘व्यक्ती की संस्था’ हा प्रश्नच अपुरा ठरतो.

३. काळाचे महत्त्व

दुबळेपणा आणि परिस्थिती यांची गाठ कोणत्या क्षणी पडते, हा आता विचाराचा विषय होय. या बाबतीत अमेरिकेतील लिंडसे हेज यांचे अभ्यास मार्गदर्शक आहेत. तेथील स्थानिक तुरुंगांत मुख्यतः नुकतेच अटक झालेले, खटल्याची वाट पाहणारे आणि अल्प मुदतीची शिक्षा भोगणारे बंदी असतात. १९८६ सालच्या आत्महत्यांची पाहणी केली असता, निम्म्याहून अधिक मृत्यू कारागृहात आल्यापासून पहिल्या चोवीस तासांत घडल्याचे दिसून आले. २००५ व २००६ या वर्षांच्या पाहणीत हे प्रमाण २३ टक्क्यांवर आले होते. दुसऱ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान २७ टक्के मृत्यू घडले होते. या वीस वर्षांत आत्महत्येचे एकूण प्रमाणही दर लाखामागे १०७ वरून ३८ पर्यंत उतरले. पहिल्या दिवसाची काळजी घेतली जाऊ लागली आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू घटले, असा या आकड्यांचा अर्थ लावणे सयुक्तिक होईल. परंतु धोका पुढील दिवसांत कायम राहिला, हेही त्यांतून कळते.

पहिली रात्र इतकी कठीण का असते, हे समजण्यास फार प्रयास पडत नाहीत. अटकेचा धक्का, कुटुंबात व गावात झालेली नाचक्की, सुटलेले व्यसन आणि त्यामुळे शरीराची होणारी तडफड, अपरिचितांची भीती आणि उद्या काय होणार याविषयीचे संपूर्ण अज्ञान या साऱ्या गोष्टी त्या एका रात्रीत एकवटतात. पुढील काळात धोका सतत सारखा राहत नाही. तो विशिष्ट प्रसंगांभोवती उसळतो. जामीन नाकारला जाणे, शिक्षा सुनावली जाणे, अपील फेटाळले जाणे, पत्नीने संबंध तोडणे, घरी मृत्यू होणे, ठरलेली भेट न होणे, ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. हेज यांच्या दुसऱ्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश मृत्यू न्यायालयातील तारखेच्या आगेमागे घडलेले आढळले; काही मृत्यू दूरध्वनी वा भेट यांच्यानंतर लगेच घडले होते. उलट, सणवार वा ऋतू यांच्याशी विशेष संबंध दिसला नाही. धोक्याचे दिवस सामान्य दिनदर्शिकेत सापडत नाहीत. ते प्रत्येक बंद्याच्या स्वतंत्र दिनदर्शिकेत असतात.

भारताच्या दृष्टीने या निष्कर्षास विशेष अर्थ आहे. २०२२ अखेर येथील बंद्यांपैकी ७५.८ टक्के बंदी न्यायाधीन, म्हणजे रूढ भाषेत कच्चे कैदी होते. सिद्धदोष बंद्यास आपली शिक्षा किती, माफी किती, संचित रजा वा अभिवचन रजा केव्हा मिळेल, याचा काही हिशोब मांडता येतो. कच्च्या कैद्यास असा हिशोब नसतो. त्याच्या आयुष्यास ‘तारीख’ हे एकच परिमाण उरते. पोलीस बंदोबस्त न मिळाल्याने ती तारीखही चुकते आणि पुढची पडते. वेदनेस मर्यादा असल्याचे ठाऊक असले, तर मनुष्य पुष्कळ सोसतो; मर्यादाच अज्ञात असली, तर तिचा भार अनेक पटींनी वाढतो.

धोक्याचा काळ कारागृहाच्या दारापाशी संपतही नाही. डॅनियल प्रॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्लंड व वेल्समधील अभ्यासात सुटकेनंतर वर्षभरात घडलेल्या ३८२ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी २१ टक्के सुटकेनंतरच्या पहिल्या २८ दिवसांत घडल्या होत्या. ज्याची प्रतीक्षा केली ते घर, काम आणि नाती जागेवर नसल्याचा अनुभव हा प्रवेशाच्या धक्क्याइतकाच तीव्र असू शकतो.

४. प्रतिबंधाचे उपाय व त्यांच्या मर्यादा

प्रतिबंधाचा पहिला आणि प्रशासनास सर्वांत सोयीचा वाटणारा उपाय म्हणजे साधनांचे नियंत्रण. रॉय समितीने आत्महत्येस वाव न देणाऱ्या रचनेच्या बराकी बांधण्याची शिफारस केली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जून २०२३ मध्ये दिलेल्या सूचनापत्रातही अवजारे, चादरी व घोंगड्या यांवर लक्ष ठेवण्यास सांगितले आहे. हा उपाय गौण नव्हे. आत्महत्येची तीव्र ऊर्मी पुष्कळदा अल्पकाळ टिकते आणि तेवढा काळ साधन हाती न लागल्यास जीव वाचतो. परंतु हाच उपाय एकमेव ठरला, तर कोठडी अधिकाधिक उजाड होत जाते आणि मरण्याची साधने काढून घेताना जगण्याची कारणेही काढून घेतली जातात.

दुसरा उपाय प्रवेशाच्या वेळच्या तपासणीचा. पूर्वीचा प्रयत्न, मनोविकार, व्यसन आणि सध्याचे विचार यांविषयी प्रत्येक नव्या बंद्यास एकांतात व सहानुभूतीने विचारले जावे, यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालच्या मार्गदर्शिकेत भर दिला आहे. येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. रात्री उशिरा, इतर बंद्यांच्या रांगेत, पहारेकऱ्यासमक्ष विचारलेल्या प्रश्नास खरे उत्तर मिळण्याची शक्यता अल्प असते. दुसरे असे की, एकदा केलेली तपासणी कायमची नसते. धोका प्रसंगांबरोबर बदलत असल्याने न्यायालयातून परतलेल्या, शिक्षा झालेल्या वा अशुभ वार्ता आलेल्या बंद्याची पुन्हा विचारपूस व्हावयास हवी. न्यायालयातून परत आलेल्या बंद्याची अंगझडती न चुकता होते; त्याच वेळी त्यास दोन प्रश्न विचारण्यास वेगळा खर्च येत नाही.

तिसरा मुद्दा एकांतवासाचा. धोका असलेल्या बंद्यास सुरक्षिततेसाठी एकट्यास ठेवण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते आणि तीच सर्वांत घातक ठरते. हेज यांच्या दुसऱ्या पाहणीतील ३८ टक्के मृत्यू विलग ठेवलेल्या बंद्यांचे होते. सुनील बात्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एकांतवासाच्या मनमानी वापरास आळा घातला. त्या निर्णयामागील घटनात्मक तत्त्वास आत्महत्येच्या संशोधनाने जणू वैद्यकीय आधार पुरविला आहे. पहारा आणि सोबत या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहाऱ्यामुळे बंद्यावर नजर राहते. सोबतीमुळे त्याची दखल घेतली जाते.

सोबतीचे संघटित रूप म्हणजे सहबंद्यांचे साहाय्य. ब्रिटनमध्ये ‘समॅरिटन्स’ या संस्थेने निवडक बंद्यांना प्रशिक्षण देऊन ‘श्रोता’ ही योजना १९९१ साली स्वान्सी येथील कारागृहात सुरू केली व ती पुढे देशभर पसरली. मानवी हक्क आयोगाच्या उपर्युक्त सूचनापत्रातही निवडक बंद्यांना धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे सुचविले आहे. पहारेकऱ्यास जे सांगता येत नाही ते बराकीतील शेजाऱ्यास सांगता येते, हे त्यामागील साधे तत्त्व होय. कुटुंबाशी संपर्क हे सोबतीचे दुसरे रूप. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०१७ च्या निर्णयात कुटुंबीयांच्या भेटी आणि दूरध्वनीच्या सोयी वाढविण्यावर भर दिला. महाराष्ट्रातील काही कारागृहांत बंद्यांना जाळीविना आपल्या मुलांना भेटू देणारा ‘गळाभेट’ हा उपक्रम याच दिशेचा आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाने १९९० पासून चालविलेले कार्यही येथे नमूद करावयास हवे. बंदी, वकील, न्यायालय आणि घर यांच्यामधील तुटलेले दुवे जोडणारा समाजकार्यकर्ता आत्महत्याप्रतिबंधक म्हणून नेमलेला नसतो. परंतु घरचा निरोप पोहोचविणे आणि तारखेची माहिती देणे ही त्याची कामे धोक्याच्या नेमक्या क्षणी उपयोगी पडतात.

वैद्यकीय उपायांसाठी कायद्याचा आधार आता पुरेसा आहे. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत प्रत्येक ५०० बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ वा समुपदेशक अपेक्षिलेला आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम १०३ अन्वये प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असणे आवश्यक आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरले जाते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेचे कलम ३०९ वगळले गेले. मात्र लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न कलम २२६ अन्वये अपराधच राहिला आहे. ज्या व्यक्तीभोवती सदैव लोकसेवकच असतात, तिच्या प्रत्येक प्रयत्नाकडे ‘दबावतंत्र’ म्हणून पाहण्याचा धोका येथे संभवतो. कारागृहात अशी शंका फार जुनी आहे आणि ती अनेकदा प्राणघातक ठरते. कारण पूर्वीचा प्रयत्न, मग तो कोणत्याही हेतूने केलेला असो, पुढील मृत्यूची प्रबळ सूचना असतो.

याशिवाय एक उपाय कारागृहाच्या बाहेरच योजावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ अन्वये, मृत्युदंड वा जन्मठेप यांस पात्र असे अपराध आणि काही अन्य अपवाद वगळता, प्रथमच आरोपी झालेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ अटकेत काढल्यास त्याची बंधपत्रावर सुटका व्हावी, अशी तरतूद आहे आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकली आहे. ही तरतूद आत्महत्येच्या प्रतिबंधासाठी केलेली नाही. परंतु अनिश्चिततेस मर्यादा घालणारा प्रत्येक नियम, तो काटेकोरपणे पाळला गेल्यास, या कार्यास हातभार लावतो.

५. समारोप

कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, हा नियम २००५ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत केलेल्या दुरुस्तीने आला व नव्या संहितेतही तो कायम आहे. उपर्युक्त २०१७ च्या निर्णयाने २०१२ ते २०१५ या काळातील अनैसर्गिक मृत्यूंबद्दल बंद्यांच्या वारसांना भरपाई मिळावी, यासाठी उच्च न्यायालयांनी स्वतःहून कार्यवाही करावी, असे सांगितले. चौकशी आणि भरपाई या दोन्ही गोष्टी न्याय्य आहेत. परंतु चौकशीचा प्रश्न जोवर ‘दोषी कोण’ एवढाच राहील, तोवर प्रत्येकजण स्वतःस निर्दोष ठरविण्याचा यत्न करील आणि दोष पुन्हा मृताच्या मनावरच येऊन ठेपेल. मृत्यूपूर्वीच्या पंधरा दिवसांत बंद्याच्या आयुष्यात काय घडले, ते कोणाकोणास ठाऊक होते आणि ठाऊक असूनही ते ज्याने काही करावयाचे त्याच्यापर्यंत का पोहोचले नाही, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक अहवालात असली, तर त्या अहवालातून पुढचा मृत्यू टाळता येईल.

एवंच, कारागृहातील आत्महत्या ही केवळ रोगट मनाची परिणती नव्हे आणि केवळ कठोर भिंतींचीही नव्हे. विशिष्ट दुबळेपणा घेऊन आलेला मनुष्य विशिष्ट दिवशी एकटा पडतो, तेव्हा ती घडते. दुबळेपणा नाहीसा करणे कारागृहाच्या हाती नसते आणि भिंती तर त्याच्या स्वरूपातच अंतर्भूत असतात. तो दिवस ओळखणे आणि त्या दिवशी त्या मनुष्यास एकटे पडू न देणे मात्र कारागृहाच्या हाती असते. ज्याचे स्वातंत्र्य शासनाने घेतले, त्याच्या जीविताचे रक्षण करण्याचे कर्तव्य याच ठिकाणी प्रत्यक्षात उतरते.